मागच्या चाकांची गाडी: उगाच बाऊ, की खरंच वेगळं शिकायला हवं?

कुंभार्लीकर
अकरा वर्षं वॅगन आर चालवली. आता घरात जुनी बोलेरो आलीय, २०१७ची, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेली. महिन्यातून एकदा कराड-चिपळूण, कुंभार्ली घाटातून. पाऊस तोंडावर आलाय आणि आमचे दाजी रोज फोन करून घाबरवतात. "मागची चाकं ढकलणारी गाडी आहे, पावसात गर्रकन फिरते. डिकीत सिमेंटची दोन पोती टाक."

माझं मत, हा निव्वळ बाऊ आहे. आमच्याकडे वडापच्या जीपा वर्षानुवर्षं याच घाटातून पंधरा-पंधरा माणसं कोंबून गेल्या. सगळ्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या. त्या ड्रायव्हरांनी कुठला क्लास लावला होता? पटत नसेल त्यांनी हाणा.

फियाटवाले आजोबा
शंभर टक्के सहमत. मी १९७८ साली फियाटवर हात बसवला, नंतर अँबॅसडर. डिसेंबर १९८३ला मारुती ८०० आली, तोवर पुढच्या चाकांवर चालणारी गाडी आमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलीही नव्हती. गाडी म्हणजे मागची चाकं ढकलणारच. बोरघाट, कशेडी, सगळं त्यावरच केलं. उलट मारुती आल्यावर लोक विचारायचे, "पुढची चाकं ओढतात म्हणे, चढाला जमेल का?" आता तुम्ही उलटं विचारताय, गंमत आहे.

टॉर्कशेठ
आजोबा, आदर आहेच, पण तुमच्या फियाटचं इंजिन जेमतेम ४० अश्वशक्तीचं. ओल्या रस्त्यावर चाक फिरवायचं म्हटलं तरी तिला दम लागायचा. बोलेरोचं डिझेल १९५ न्यूटन मीटर जोर लावतं, तोही अगदी खालच्या आरपीएमला.

आणि कुंभार्लीकर, तुमच्या वडापातच तुमचं उत्तर आहे. ती पंधरा माणसं बसायची कुठे? बहुतेक मागच्या चाकांवर. तीच तुमच्या दाजींची सिमेंटची पोती! तुम्ही एकटे, रिकाम्या गाडीत, पाटणच्या पुढे पहिल्या पावसात जाणार. गाडी तीच असली तरी हिशोब वेगळा.

मुद्दा असा. टायरची पकड म्हणजे महिन्याचा पगार. वॅगन आरमध्ये वळायचं आणि ओढायचं, दोन्ही खर्च पुढच्या चाकांच्या पगारातून. वळणावर जास्त रेस दिलीत तर पगार संपतो, गाडी वळायची सोडून सरळ निघते. आपण घाबरून पाय काढतो, पुढची पकड परत येते. म्हणजे घाबरटपणा उपयोगी पडतो. बोलेरोत पुढची चाकं फक्त वळतात, ढकलायचा खर्च मागच्यांचा. तिथला पगार संपला की मागची बाजू बाहेर सरकते आणि मग गचकन ब्रेक दाबलात तर वजन पुढे जाऊन मागचं आणखी हलकं होतं. अकरा वर्षांची सवय नेमकी नको तिथे आडवी येते. बाऊ नव्हे, सवय मोडायची गोष्ट आहे.

कुंभार्लीकर
वडापचा मुद्दा लागला. पण मग दाजी बरोबर की काय? पोती टाकू?

टॉर्कशेठ
नको! रिकाम्या पिकअपमध्ये वाळूची पोती टाकतात ते ठीक, तिचा मागचा हौदा अगदीच हलका असतो. तुमच्या डिकीत न बांधलेली शंभर किलोची पोती वळणावर सरकली तर लंबक तयार. आणि एकदा मागचं सरकायला लागलं की जास्त वजन आवरायला जास्त जड.

डबेवाली_सांगली
तुम्ही सगळे रेसवर अडकलात. मला दणका बसला तो गिअरने.

माझी ईको आहे, डब्यांची. इंजिन पुढच्या सीटखाली, म्हणजे डबे पोचवून परत येताना मागे हवाच. डिसेंबरची गोष्ट, पावसाचा थेंब नाही. पण उसाचे ट्रॅक्टर शेतातून डांबरीवर चढतात तिथे चाकांची माती पडते, आणि त्यावर कोणाच्या पाइपलाइनचं पाणी आलेलं. वळण दिसलं म्हणून तिसऱ्यातून दुसरा टाकला आणि क्लच फाडकन सोडला. वेग चाळीसच्या आत. मागची चाकं क्षणभर अडकली, जणू कोणी हँडब्रेक ओढला. गाडीचं तोंड बघता बघता दूध डेअरीकडे झालं आणि मी उभी, इंजिन बंद. डेअरीतला मुलगा कॅन हातात धरून तसाच बघत राहिला. डबे रिकामे होते म्हणून बरं, नाहीतर आमटीचा अभिषेक.

घाट उतरताना "खालच्या गिअरमध्ये राहा" हे आपण सगळ्यांना सांगतो आणि ते खरंच आहे. पण या गाडीत इंजिनाचा ब्रेक मागच्याच चाकांना लागतो. त्यामुळे गिअर वळणाआधी, सरळ रस्त्यावर खाली आणायचा आणि क्लच लोणी काढल्यासारखा हळू सोडायचा. चुकून अडकलीच तर पहिला क्लच दाबा, चाकं सुटतात. मला हे नंतर कळलं.

फियाटवाले आजोबा
ताईंचा मुद्दा मान्य. आम्ही गिअर उतरवताना मध्ये हलकी रेस द्यायचो, फियाटला सवयच ती. तेव्हा कारण माहीत नव्हतं, उस्तादाने सांगितलं म्हणून करायचो. म्हणजे क्लास लागला होता म्हणा, फक्त फी नव्हती.

ईव्हीवाला_बाणेर
हे सगळं इतिहासजमा आहे. माझी महिंद्राची इलेक्ट्रिक बीई ६ आहे, मोटर मागे, ३८० न्यूटन मीटर, पाय ठेवताक्षणी. ताम्हिणीत भर पावसात गेलो, एकदाही मागून हलली नाही. चाक घसरायच्या आत कॉम्प्युटर ताकद कापतो. नवीन माणसाला एकच सल्ला, ईएसपीचं, म्हणजे घसरण आवरणाऱ्या त्या यंत्रणेचं, बटण बंद करू नका. बाकी सगळी मर्दुमकी.

म्युनिकचा_मुळशीकर
अर्धं मान्य. ईएसपी एकेका चाकाला ब्रेक लावून गाडी सरळ करते, पण पकड निर्माण करत नाही. टायर गुळगुळीत असेल तर कॉम्प्युटर तरी काय चावणार? इथे बर्फ असताना हिवाळी टायर नसले तर दंड होतो, तो उगाच नाही. मी पहिल्या हिवाळ्यात जुनी, मागच्या चाकांवर चालणारी बीएमडब्ल्यू घेऊन एडीएसी या जर्मन मोटार क्लबच्या प्रशिक्षण मैदानावर गेलो होतो. ओल्या प्लेटवर मुद्दाम गाडी घसरवतात. मागचं ज्या बाजूला जाईल त्या बाजूला स्टिअरिंग, आणि नजर मात्र जायच्या रस्त्यावर. वाचून दहा वेळा पाठ होतं, हातात यायला मला अर्धा दिवस लागला. सगळ्यात कठीण होतं ते गाडी सरळ होताच स्टिअरिंग परत आणणं. उशीर झाला की ती दुसऱ्या बाजूला फेकते, आणि ती फेक पहिलीपेक्षा वाईट.

शिवाय कुंभार्लीकरांच्या गाडीत एबीएससुद्धा नाही. बाणेरकरांचा अनुभव त्यांच्या काय कामाचा?

ईव्हीवाला_बाणेर
बरं, २०१७ची बोलेरो वाचलं नव्हतं. मुद्दा मागे.

गॅरेज_कोल्हापूर
चर्चा लई झाली. मागचे टायर बघा. लोक दोन नवे टायर घेतात आणि पुढे टाकतात, जुने मागे. उलटं करा. कुठलीही गाडी असो, चांगली जोडी मागे. पुढचं सरकलं तर निदान कळतं, मागचं सरकलं की कळेपर्यंत उशीर.

जुनी गाडी आहे तर पहिल्यातून रिव्हर्स टाकताना खालून 'टक्' येतो का ऐका. आला तर प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांना नेणाऱ्या दांड्याचा, क्रॉस (सांधा) गेलाय. वॅगन आरला हा शाफ्टच नव्हता, म्हणून तुम्हाला माहीत नसणार.

कुंभार्लीकर
काल पाऊस झाला. गावाच्या शाळेचं मैदान रिकामं होतं, मुलगा बाजूला बसला. वीसच्या वेगात वळवून रेस दिली. पहिल्या दोन वेळा काहीच नाही, मी म्हटलं बघा, बाऊच. तिसऱ्या वेळी मागचं असं अलगद निघालं की आधी कमरेला कळलं, मग डोळ्यांना. आणि मी काय केलं? ब्रेक. अर्धा गिरका घेऊन कबड्डीच्या रेषेवर. मुलगा म्हणाला, "बाबा, परत."

पंधराएक वेळा केल्यावर चार-पाचदा नीट सावरली. शिपाई ओरडायला आला, मैदानाची चाळण झाली होती. उद्या फळी मारून देणार आहे.

चढाचं मात्र कोणी बोललं नाही. घरामागच्या शेवाळलेल्या चढावर वॅगन आर नुसती चाकं फिरवायची, शेवटी रिव्हर्समध्ये चढवायचो. बोलेरो पहिल्या झटक्यात वर. वजन मागे जातं, चाकंही मागचीच.

टक् येतोय. आणि मागचे टायर बघितले, दाजींच्या डोक्यासारखे. दाजींना अजून काही सांगितलेलं नाही.