मदत हवी आहे: आईने प्रार्थना सोडलीय
प्रेझ द लॉर्ड मंडळी, पप्पांचं डायलिसिस चालू आहे त्यात भावाची नोकरी गेली, आणि दर बुधवारी माहीमच्या सेंट मायकल चर्चला नोव्हेनाच्या प्रार्थनेला न चुकता जाणारी माझी आई आता जपमाळ उशीखाली ठेवून गप्प बसून असते. लोक येऊन सांगतात देव परीक्षा बघतोय, त्याने ती अजूनच मिटते, मला तर रागच येतो. रात्री मी बायबलमधलं स्तोत्र 13 वाचते, त्यात दावीद सरळ देवालाच विचारतो ना, अजून किती दिवस मला विसरणार, तेवढं मात्र ती मान वर करून ऐकते. असे देवाशी भांडणारे अजून कुठले उतारे वाचू, बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक घेऊ की विलापगीत? आणि घरी येऊन कम्युनियन (पवित्र प्रसाद) देणारे, तिच्याशी मराठीत बोलणारे फादर हवेत, त्यासाठी पॅरिश ऑफिसलाच, म्हणजे आपल्या चर्चच्या ऑफिसला, विचारायचं का? प्लीज सांगा.