अनुभव धागा : थंडीची सुट्टी, सगळे घरात आणि ऊन एकाच खिडकीत

मुलांना सुट्टी लागून आज पाचवा दिवस. नवऱ्याने उरलेल्या रजा टाकल्यात, नणंद तिच्या दोघांना घेऊन आलीये, सासरे तर घरीच असतात. म्हणजे माणसं आठ आणि ऊन येणारी खिडकी एक.

उन्हाळ्यात या दक्षिणेच्या खिडकीकडे कोणी ढुंकून बघत नाही. सूर्य डोक्यावर, ऊन कट्ट्याच्या आत पाऊल टाकत नाही. डिसेंबरात मात्र सूर्य भर दुपारीही खालीच असतो, त्यामुळे तिरीप थेट दिवाणाच्या पायापर्यंत पोचते. जेमतेम सतरंजीएवढा तुकडा. साडेनऊला त्यावर पहिला हक्क सासऱ्यांचा: पाय उन्हात, डोकं सावलीत, पेपर दोन्हीत. दहाला नणंद खोबरेलाची बाटली आणून ठेवते. पारा चोविसाच्या खाली गेला की ते थिजायला लागतं, आणि पोरं बाटली उलटी धरून "तेल अडकलं!" म्हणून बोंबलतात. साडेदहाला मी रजया घेऊन येते.

"बाबा, जरा सरकता का?"

बाबा खुर्ची वीतभर सरकवतात. तोवर ऊनही वीतभर सरकलेलं असतं. काल रजई झटकली तर त्यातून त्यांचा चष्मा पडला. दोन तास "माझा चष्मा कोणी उचलला" यावर घर दणाणलं होतं.

तुमच्याकडे काय चाललंय? मोठं लिहा, छोटं लिहा, रडगाणी चालतील. फक्त मागितल्याशिवाय सल्ले देऊ नका, ते घरात भरपूर मिळतात.

कानटोपी

आमच्याकडे उन्हाच्या तुकड्याला सरकारी संरक्षण आहे. लेकीला सुट्टीचा प्रकल्प आहे, 'ऊन कसं सरकतं'. दर तासाला ती फरशीवर खडूने कड आखते, शेजारी वेळ लिहिते आणि त्या भागात कोणाला पाय ठेवू देत नाही. पहिल्या तीन दिवसांची नोंद आईच्या फरशी पुसण्यात गेली. मग दोघींची जी जुंपली! आता आई तेवढा चौकोन सोडून पुसते आणि पुसताना पुटपुटते.

त्यातून एक प्रश्न निघाला. २२ डिसेंबरनंतर दिवस मोठा होतो ना, मग सकाळचा अंधार कमी का होत नाही? खोदल्यावर कळलं की वाढ आधी संध्याकाळच्या बाजूला होते. सूर्यास्त लांबत जातो, पण सूर्योदय जानेवारीतही काही दिवस उशिराच होत राहतो. पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि आस कललेली, म्हणून सूर्याची 'दुपार'च या दिवसांत घड्याळाच्या मागे मागे पडत जाते. दोन संध्याकाळी घालवून मी हे लेकीला समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे जानेवारीत अजून उशिरा उठलं तरी चालेल."

उशिरा_आंघोळ

चष्म्याचं वाचून फुटलो. आमच्याकडे भांडण उन्हावरून नाही, गीझरवरून आहे. पंधरा लिटरचा, दोन हजार वॅटचा. गार पाणी कडकडीत व्हायला वीस-बावीस मिनिटं घेतो, आणि त्यात विसण घालून पुरतं दोन बादल्या. माणसं सात. चुलतभावाने फ्रिजवर वेळापत्रक चिकटवलं, अगदी रंगीत पेनांनी. पहिल्या नंबरला पांघरुणातून कोणी बाहेर येत नाही, शेवटच्या नंबरला कोमट पाण्याने भागवायला कोणी तयार नाही. परवा काकांची आंघोळ दुपारी दीडला झाली. काकू म्हणाल्या, "आता उद्याचीच समजा."

दुलई

अगदी अगदी! फक्त आमचे काका साडेपाचला उठून सगळं गरम पाणी संपवतात आणि वर सगळ्यांना आळशी म्हणतात.

शेंडेफळ

हसण्याच्या धाग्यात हे लिहू की नको, असं झालं होतं. लिहितेच.

गेल्या वर्षी याच सुट्टीत बहिणीकडे जमलो होतो. तिच्या न्हाणीघरात तेव्हा गॅसवरचा गीझर होता. थंडी म्हणून भाच्याने खिडकीची फट कागद कोंबून बंद केली आणि आत गेला. आत गाणं चालू होतं त्याचं. मग गाणं थांबलं, पाणी मात्र पडत राहिलं. ताईनेच ते ऐकलं, आम्ही बाकीचे पत्ते खेळत होतो. हाका मारल्या, उत्तर नाही. भावजींनी खांद्याने कडी उखडली. पोरगं भिंतीला टेकून बसलेलं, डोळे अर्धे उघडे.

वाचला. डॉक्टर म्हणाले, कार्बन मोनॉक्साइड. कोंदट जागेत गॅस नीट जळाला नाही की हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडर गळला तर वास येतो, कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. इथे तसं काही नाही. आधी डोकं जड होतं, मळमळतं, आणि माणसाला वाटतं गरम पाण्याने सुस्ती आली. ताईने तो गीझर काढून टाकला. ती कडी अजून तशीच लोंबते आहे, कोणी दुरुस्त करत नाही.

(धागाकर्ती)

शेंडेफळ, लिहिलंस ते बरं केलंस. आत्ता उठून न्हाणीघराची खिडकी उघडून आले. वर गठ्ठा करून पोतं कोंबलेलं होतं. कोणी, ते विचारलेलं नाही, पण सासरे पेपराआड गेले.

दोरीवरची_जीन्स

माझं दुःख तिसऱ्या दिवशीही ओल्या असणाऱ्या जीन्सचं. शिवणीपाशी हात लावला की गारच, आणि ओली आहे की नुसती गार हे ठरवता येत नाही. गालाला लावून बघावी लागते. घरात पंख्याखाली दोरी बांधलीये, तिच्यामुळे टीव्ही बघताना प्रत्येकाच्या चेहऱ्यासमोर कोणाचा तरी बनियन असतो. धाकट्याने मोजा वायफायच्या राउटरवर वाळत घातला. मोजा वाळला. पण भोकं झाकली गेल्यामुळे राउटर तापून बंद पडला, आणि तेवढ्यानेच घरातले सगळे आपापल्या खोल्यांतून बाहेर आले. इतकी माणसं आहेत हे तोवर लक्षातच आलं नव्हतं.

लांबचा_पाहुणा

मी राहतो तिकडे चार वाजता अंधार पडतो, त्यामुळे उन्हाच्या तुकड्याचं वाचून जळफळाट झाला. इथे कपडे घरातच, हीटरजवळ वाळतात. ते पाणी जाणार कुठे? रात्री गार काचांवर जमतं आणि सकाळी खिडक्या रडलेल्या असतात. पहिल्या हिवाळ्यात दुर्लक्ष केलं, तर कपाटामागची भिंत बुरशीने काळी झाली. आता रोज सकाळी कुडकुडत दहा मिनिटं खिडक्या सताड उघडतो. बायको तेवढा वेळ पांघरुणातून एक डोळा बाहेर काढून माझ्याकडे बघत असते.

रात्रपाळी

मला सुट्टी नाही. सकाळी आठला घरी येऊन झोपतो, त्या वेळी बाकी घर उठतं. बायको मुलांना "बाबा झोपलाय, हळू" म्हणते, आणि ते हळू इतकं मोठ्याने म्हणते की मी जागा होतो. मुलांची कुजबूज तर आरडाओरड्यापेक्षा वाईट. ती ऐकायला कान आपोआप टवकारतात.

चार_गोधड्या

पाहुणे येणार म्हणून कपाटाच्या वरच्या कप्प्यातून जादा गोधड्या काढल्या. डांबरगोळ्यांचा वास दोन दिवस ऊन दाखवूनही गेला नाही, आणि खरं सांगू, जाऊ नये असंच वाटत होतं. त्या वासाबरोबर मला आमची लहानपणीची लाइन आठवते: भिंतीपासून भिंतीपर्यंत गाद्या, त्यावर भावंडं वयानुसार. कडेला झोपणाऱ्याच्या अंगावर पहाटे काही उरत नसे. मी सगळ्यात धाकटी, म्हणून कायम कडेला. आता माझी मुलं आणि भाचरं तशीच झोपतात, पण प्रत्येकाला वेगळं पांघरूण. परवा पहाटे बघितलं तर चारही पांघरुणं एकाच्याच अंगावर होती आणि बाकीचे तिघे त्याच्याभोवती मुटकुळं करून पडले होते.

कोणाची_सुट्टी

सगळं वाचलं, छान आहे. एक विचारू? ते पांघरुणांचे ढीग घड्या घालून कोण ठेवतं? मुलांच्या शाळेत मी डबा एकदा करते, सुट्टीत "काहीतरी खायला दे" दिवसातून सहा वेळा ऐकते. काल दुपारी सगळे बाहेर गेले. मी चहा घेऊन त्या उन्हात बसले, पाठ उन्हाकडे केली. मणक्याच्या खालपासून वर ऊब चढत गेली. चहा निम्मा झाला आणि बेल वाजली. किल्ली विसरले होते. मी मुद्दाम दुसऱ्या बेलपर्यंत उठले नाही.

दुलई

तिसरीपर्यंत थांबायचं ना!

उशिरा_आंघोळ

धागाकर्ती, खोबरेलासाठी उन्हाची वाट कशाला? बाटली गरम पाण्याच्या तांब्यात उभी करा, दोन मिनिटांत पातळ.

(धागाकर्ती)

सल्ले नकोत म्हटलं होतं. करून पाहिलं, खरंच झालं. नणंदेला सांगितलेलं नाही. तिला उन्हात बसायला तेवढंच एक निमित्त आहे.