मदत हवी आहे: गोचीड गेले, पण दूध आणि एसएनएफ परत येत नाही

घोडनदीकाठ (शिरूर):
माझी एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय रोज १८ लिटर दूध देत होती. ती आता ७ लिटरवर आली असून संकलन केंद्रावर एसएनएफ (दुधातले फॅट सोडून उरलेले घनपदार्थ) ८.५ ऐवजी ७.९ टक्के लागत आहे, त्यामुळे दर कापला जातो. अंगावर गोचीड होते, ते फवारणी करून घालवले. एसएनएफ वाढवण्यासाठी कोणते मिनरल मिक्श्चर द्यावे, एवढेच सांगावे. दहा दिवसांचा दुधाचा पगार हातचा जात आहे, तरी लवकर उत्तर द्यावे.

मंचरकर:
दादा, गाय व्यायली कधी, ताप किती आहे, लघवीचा रंग कसा आहे, वैरण खाते का, यातले काहीच आपण लिहिलेले नाही.

घोडनदीकाठ:
व्यायला दोन महिने झाले. ताप १०५ होता, इंजेक्शन दिल्यावर उतरला आणि परत चढला. लघवी नेहमीसारखी आहे. खाणे निम्म्यावर आले आहे. माझा प्रश्न पावडरीचा होता.

बांधावरची ताई (जुन्नर):
ही दगडी (कासेचा दाह) असणार. आमच्या गाईचे दूध असेच घटले होते. चारही सडांचे दूध वेगवेगळे काळ्या पाटीवर पिळून पाहावे.

निवृत्त पशुवैद्य (औंध):
ताईंनी सुचवलेली तपासणी जरूर करावी, परंतु परत चढणारा ताप आणि गोचीड यांचा इतिहास असताना केवळ दगडीवर थांबणे योग्य नाही. गाईच्या खांद्यापुढे, मानेच्या बुडाशी हात फिरवून तेथील गाठ सुजली आहे का ते पाहा. डोळ्याची खालची पापणी ओढल्यावर आतला भाग फिकट किंवा पिवळसर दिसतो का, हेही लिहा. इंजेक्शन कोणते दिले, आणि गाय घरची आहे की विकत आणलेली?

घोडनदीकाठ:
गाठ दोन्ही बाजूंना आहे, लिंबापेक्षा मोठी. पापणी पांढरट दिसते. इंजेक्शन ऑक्सिटेट्रासायक्लिनचे (प्रतिजैविक) होते. गाय बाजारातून आणून वीस दिवस झाले, पण त्याचा एसएनएफशी काय संबंध?

निवृत्त पशुवैद्य (औंध):
संबंध आहे. आपण सांगितलेली लक्षणे थायलेरियाची, म्हणजे ज्याला आपल्याकडे गोचीडताप म्हणतात त्याची वाटतात. ह्यालोमा जातीच्या गोचिडातून हा परजीवी गाईच्या शरीरात जातो, प्रथम पांढऱ्या पेशींत वाढतो म्हणून गाठी सुजतात, आणि मग तांबड्या पेशींत उतरल्यावर अंगातले रक्त कमी होते. चावल्यापासून ताप येईपर्यंत साधारण दोन ते तीन आठवडे जातात. तापात गाय खात नाही, ऊर्जा कमी पडते, दूध घटते आणि प्रथिनांसह एसएनएफही खाली येतो. मिनरल मिक्श्चरने ही तूट भरून निघणार नाही. ऑक्सिटेट्रासायक्लिन गोचिडांमुळेच होणाऱ्या अ‍ॅनाप्लाझ्मा या दुसऱ्या रोगावर चांगले चालते, परंतु थायलेरिया अंगात भिनल्यावर त्यावर भरवसा ठेवता येत नाही. तेथे ब्युपारव्हाक्वोन हे औषध लागते, आणि तेही डॉक्टरांनी वजन पाहून मानेच्या स्नायूत खोलवर द्यायचे असते. आधी मात्र कानाच्या शिरेतून रक्ताची काचपट्टी करून तपासून घ्या. पशुवैद्यकीय दवाखान्यात जाणे जमत नसेल, तर १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा.

मंचरकर:
इंजेक्शन दिल्यानंतरचे दूध कॅनमध्ये ओतले का?

घोडनदीकाठ:
ओतले. ते कोणी विचारले नव्हते.

मंचरकर:
म्हणजे दर कापला जाणे ही लहान गोष्ट आहे. प्रतिजैविकाचा अंश असलेल्या दुधाला नीट विरजण लागत नाही, आणि तपासणीत सापडले तर सगळा टँकर नाकारला जाऊ शकतो. औषधाच्या वेष्टनावर जितके दिवस दूध वगळायला सांगितले आहे, तितके दिवस ते बाजूला काढा.

खिलारप्रेमी (दौंड):
एचएफ पाळाल तर हेच होणार. देशी जनावराला गोचीडताप सहसा इतका भारी पडत नाही. करंज तेल चोळा आणि खिलार घ्या.

बांधावरची ताई (जुन्नर):
भाऊ, घोडनदीकाठ यांची खिलार १८ लिटर देणार का? तेलाने गोठ्याच्या भिंतीतले गोचीड कसे मरतील, हेही सांगा.

निवृत्त पशुवैद्य (औंध):
ताईंचा मुद्दा बरोबर आहे. ह्यालोमा भिंतींच्या फटींतही दडतात, म्हणून फक्त अंगावरची फवारणी अपुरी पडते. फटी बुजवून घ्या, आणि फवारणीचे औषध व प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. आयव्हरमेक्टिन हे गोचीड-जंतांवरचे औषध दुभत्या गाईला आपल्या मनाने देऊ नये, कारण त्याचा अंश दुधात उतरतो.

खिलारप्रेमी (दौंड):
गोचीड मुलांना चावले तर हाच ताप येतो का?

निवृत्त पशुवैद्य (औंध):
गाईचा हा थायलेरिया माणसाला होत नाही. तरीही गोचीड बोटांनी चिरडू नयेत, कारण याच ह्यालोमा वर्गातून क्रिमियन-काँगो ताप माणसाला होतो. गुजरातमध्ये २०११ साली त्याचे रुग्ण आढळले होते.

घोडनदीकाठ:
काचपट्टीत थायलेरिया निघाला. मानेत इंजेक्शन देऊन तीन दिवस झाले, ताप १०२ वर आहे, गाय वैरण ओढू लागली आहे आणि आज सकाळ-संध्याकाळ मिळून ९ लिटर दूध निघाले, ते केंद्रावर घातलेले नाही. पावडरीचे नाव मात्र अजून कोणीच सांगितले नाही.

शेणगोठा (इंदापूर):
संपूर्ण धागा वाचलेला नाही. आमच्याकडे कोणत्याही चांगल्या कंपनीचे मिनरल मिक्श्चर रोज ५० ग्रॅम देतात.