मदत हवी आहे: पायथन ३.९ चा सपोर्ट आत्ताच काढावा का?
मंडळी, महाप्याच्या आमच्या टीमची एक ओपन सोर्स पायथन लायब्ररी आहे. ३.९ चे सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपले, म्हणून किमान ३.१० करायचंय; ३.१० मध्ये आलेली मॅच-केस ही वाक्यरचना तरी वापरता येईल. अडचण वागळे इस्टेटमधल्या ग्राहकांची. त्यांच्याकडे रेड हॅट ९ (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम), सिस्टिमचा पायथन ३.९, आणि रेड हॅट तो २०३२ पर्यंत सांभाळणार! 'रिक्वायर्स-पायथन' (किमान कुठला पायथन लागतो ते सांगणारी ओळ) बदललं की पिप (पायथनचा इन्स्टॉलर) त्यांना जुनी आवृत्ती देईल (ती ओळ बदलायची राहिली तर इन्स्टॉल होतं, इम्पोर्टला सिंटॅक्स एरर). पण जुन्या शाखेला सुरक्षा दुरुस्त्या किती काळ द्यायच्या? की सरळ रेड हॅटचंच ३.११ चं पॅकेज घालून वेगळं व्हेन्व (स्वतंत्र पायथन वातावरण) करा म्हणावं? आणि यासाठी मेजर आवृत्ती (पहिला आकडा) वाढवता का? मला मायनर (दुसरा आकडा) पुरेसं वाटतं.