मार्टिन चांगला नवरा आहे की नुसता चांगला डॉक्टर?

तिसरी_रांग:
स्वीडिश दिग्दर्शक बर्गमनचा 'थ्रू अ ग्लास डार्कली' (१९६१) परत बघितला. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, एक बेट, चार माणसं, चोवीस तासांची गोष्ट. कारिनला स्किझोफ्रेनिया आहे, ती नुकतीच हॉस्पिटलमधून आलीय, सोबत तिचा नवरा मार्टिन जो स्वतः डॉक्टर आहे, लेखक असलेला बाप डेव्हिड आणि वयात येणारा धाकटा भाऊ मिनुस. या सिनेमावर जो तो देवाबद्दल बोलतो, मला लग्नाबद्दल बोलायचंय.

माझं म्हणणं असं की कारिनला सगळ्यात एकटं पाडतो तो बाप नाही, नवरा. बापाने डायरीत लिहिलंय की हिचा आजार बरा होणारा नाही आणि तो कसा वाढत जातो हे टिपून ठेवायचा मोह आपल्याला होतोय. भयंकर आहे ते, आणि कारिन ते वाचते. पण निदान ते खरं तरी आहे. मार्टिन मात्र कायम प्रेमळ, कायम समजूतदार, तिला लहान मुलीसारखं जपणारा, आणि एका सीनमध्ये ती त्याला सरळ सांगते की तू बोलतोस ते बरोबर असतं, करतोस तेही बरोबर असतं, तरी सगळं चुकतंच. हे ऐकून तो म्हणतो की चुकत असेल तर ते प्रेमापोटी. म्हणजे तिचं म्हणणं काय आहे ते त्याच्यापर्यंत पोचलेलंच नाही. आणि हे आपल्याला इतकं लख्ख दिसतं कारण बघायला दुसरं काही ठेवलेलंच नाही, बाखच्या चेलोचा तुकडा मधूनमधून, बाकी संगीत नाही, आणि छायाचित्रकार निकविस्टचा कॅमेरा कारिन झालेल्या हॅरिएट अँडरसनच्या चेहऱ्याजवळ जाऊन थांबतो.

अर्धा_दिवस:
अजिबात पटलं नाही. माझ्या नवऱ्याला हाच आजार आहे त्यामुळे मी जरा जोरात बोलणार, राग मानू नका. मार्टिनच्या ज्या समजूतदारपणाला तुम्ही नावं ठेवताय ना तो खूप मेहनतीने शिकावा लागतो. आवाज ऐकू येतायत असं हा म्हणाला की मी "कुठे आहेत आवाज" असंही म्हणत नाही आणि "हो का" असंही नाही, मी पाणी आणून देते आणि शेजारी बसून राहते, भीती वाटतेय का एवढंच विचारते. सुरुवातीला वाद घालायचे, रडायचे, त्याने त्याचं बिनसायचं आणि माझंही. आता बाहेरचं कुणी बघेल तर त्याला वाटेल ही बाई किती कोरडी.

आणि साल बघा ना. क्लोरप्रोमाझिन, म्हणजे या आजारावरचं पहिलं गुणकारी औषध, वापरात आलं तेच १९५२ च्या सुमाराला, सिनेमाच्या जेमतेम नऊ वर्षं आधी, त्याआधी इलेक्ट्रिक शॉक आणि मोठमोठी इस्पितळं. कारिनला शॉक दिलेले आहेतच, त्यानंतर कान फार तिखट झालेत असं ती म्हणते. त्या काळातल्या नवऱ्याकडे होतं तरी काय? शेवटी ती घाबरून सैरावैरा पळते तेव्हा तिला इंजेक्शन द्यावं लागतं, आणि तिला न्यायला आलेल्या हेलिकॉप्टरमध्ये तिच्याबरोबर जातो तो मार्टिनच. बाप मागे राहतो.

उलट_बाजू:
मला दोघींचंही पूर्ण पटत नाही कारण माझा आक्षेप सिनेमाच्या पद्धतीवरच आहे. चार माणसं आणि समुद्र, ठीक, दिसायला फार सुंदर. पण अशा लग्नात जे रोज चालतं ते सगळं कापलंय. झोप नाही, पैसे नाहीत, पोरं नाहीत, "आता कशी आहे तिची तब्येत" विचारणारे लोक नाहीत. एवढं सगळं काढून टाकलं की जे उरतं ते लग्न नसतं, विचार असतो. अमेरिकन दिग्दर्शक कॅसाव्हेट्सचा 'अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स' (१९७४) बघा, तिथेही बायकोचं मन आजारी आहे. जीना रोलंड्सची मेबल सकाळी सकाळी नवऱ्याच्या अख्ख्या कामगार टोळीला स्पगेटी खायला घालते, टेबलाभोवती गच्च माणसं, कुणी गाणं म्हणतो, ती दुसऱ्याला नाचायला उठवायला जाते आणि सगळे हसतायत तेवढ्यात पीटर फॉकचा निक तिच्यावर ओरडतो. एका क्षणात टेबल चिडीचूप. लाज, प्रेम, लोक काय म्हणतील हे सगळं त्या एका ओरडण्यात आहे. निक चुकतो, हात उचलतो, तिला सहा महिने हॉस्पिटलमध्ये पाठवतो, पोरांना बिअर पाजतो, एक गोष्ट धड करत नाही, पण तो तिच्याशी नवरा म्हणून भांडतो. मार्टिन भांडतो कुणाशी, तर सासऱ्याशी, बोटीत बसून, तेही डायरीवरून.

आणि शेवट! कारिन गेली, आणि सिनेमा बाप आणि मुलगा देव आणि प्रेम यावर बोलताना दाखवून संपतो. बाप आपल्याशी बोलला याचाच मिनुसला आनंद. आजारी बाई त्यांच्या समेटासाठी खर्ची पडली.

तिसरी_रांग:
शेवटाबद्दल एकदम मान्य, तिथे मलाही राग येतो. पण कॅसाव्हेट्सचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं असं मला वाटतं. मेबल घरी यायच्या दिवशी निक घरात माणसांची गर्दी करतो आणि शेवटी त्याची आईच त्याला सांगते की घालव यांना. का जमवतो गर्दी? कारण एकट्याने तिच्यासमोर उभं राहायची छाती होत नाही. बर्गमनने मार्टिनला ती सोयच ठेवली नाही.

अर्धा_दिवस, तुमच्याबद्दल आदर आहे, खरंच. पण तुम्ही शेजारी बसता आणि भीती वाटतेय का विचारता. मार्टिन हे विचारताना मला दिसला नाही. आणि कारिनला दोन जगांत राहणं असह्य झालंय, परत हॉस्पिटलमध्ये जायचंय, आता शॉक नकोत, हा तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय ती कुणाला सांगते? नवऱ्याला नाही, ज्याने डायरीत ते लिहिलं त्या बापाला. याहून स्पष्ट काय पाहिजे?

उलट_बाजू:
हा मुद्दा जोरदार आहे, यावर माझ्याकडे उत्तर नाही.

अर्धा_दिवस:
माझ्याकडे आहे. माझा नवरा सगळ्यात वाईट विचार डॉक्टरांना सांगतो, मला नाही. मी बाहेर बाकावर बसलेली असते. पूर्वी फार लागायचं मला ते. एकदा त्यानेच सांगितलं की तुला सांगितलं तर तुझा चेहरा बदलतो आणि मग घरी गेल्यावर दिवसभर मला तो चेहरा बघावा लागतो. कारिनने बापाला सांगितलं कारण बाप तसाही लांबचाच होता, त्याचा चेहरा पडला तरी तिला तो सांभाळायचा नव्हता. मार्टिनचा सांभाळावा लागला असता. तुम्ही म्हणता तिचा त्याच्यावर विश्वास नव्हता, मी म्हणते तिला त्याची काळजी होती, आणि हे दोन्ही पडद्यावर सारखंच दिसतं.