हालाँग बेमध्ये एका रात्रीची बोट: सोबत सत्तरीतले आई-बाबा आणि ९ वर्षांची मुलगी

माहीमकर

नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात व्हिएतनामला जायचं ठरतंय. आम्ही दोघं, मुलगी ९ वर्षांची, आई ६८ आणि बाबा ७३. बाबांचे गुडघे दुखतात. पायऱ्या चढतात, पण कठडा धरून आणि हळू. आई शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही.

एजंटने दिलेला कार्यक्रम असा: मुंबईहून रात्रीच्या विमानाने सकाळी हनोईला उतरायचं, तिथून थेट हालाँग आणि '२ दिवस १ रात्र' बोट. बोटीवर सुंग सॉत गुहा, टिटॉप बेट आणि कयाक (स्वतः वल्हवायची अरुंद होडी). दुसऱ्या दिवशी दुपारी हनोईला परत आणि त्याच रात्री मुंबईचं विमान. तीन खोल्या, त्यातली एक 'बाल्कनी, डावी बाजू' म्हणून महाग. हे जमेल का? बोट लागण्याचा त्रास कितपत होतो? आणि बोट निवडताना नेमकं काय बघायचं? फोटोत सगळ्या सारख्याच दिसतात.

खाडीपार

तारखांची मांडणी आधी बदलून घ्या, बोट नंतर बघू. हा कार्यक्रम दोन्ही टोकांना कच्चा आहे.

बोटीत चढायची वेळ दुपारी १२ च्या आसपास असते आणि उशीर झालेल्या पाहुण्यांसाठी बोट थांबत नाही. हनोईच्या ओल्ड क्वार्टरमधून बोटवाल्यांच्या गाड्या सकाळी आठ-साडेआठला निघतात, एक्स्प्रेसवेने साधारण अडीच तास लागतात. विमानाला दोन तास उशीर झाला किंवा इमिग्रेशनला रांग लागली की गाडी गेली. शिवाय तिथलं घड्याळ आपल्या दीड तास पुढे आहे, म्हणजे आई-बाबांची आधीच अर्धी झालेली झोप आणखी कापली जाणार.

परतीची अडचण वेगळी. बोटी सोडायच्या की नाहीत हे बोटवाल्याच्या हातात नसतं, तिथलं बंदर प्रशासन ठरवतं. वारा वाढला किंवा धुकं दाटलं की आदेश येतो, कधी आदल्या संध्याकाळी, कधी त्याच सकाळी. मग सहल पूर्ण रद्द होते, किंवा मुक्काम वगळून फक्त दिवसाची फेरी मिळते, किंवा दुसऱ्या सकाळी ठरल्याहून लवकर परत आणतात. पूर्ण रद्द झाल्यास पैसे परत मिळतात किंवा तारीख बदलून मिळते, पण अर्धवट सहलीत किती परत देणार हे प्रत्येकाचं वेगळं असतं. बुकिंग करतानाच ते लेखी मागून घ्या. मुख्य म्हणजे बोट सहलीच्या मध्यात ठेवा: हनोईत दोन रात्री, मग बोट, मग पुन्हा हनोईत निदान एक रात्र. बोट एक दिवस पुढे ढकलावी लागली तरी विमान हातचं जात नाही.

महिना चांगला निवडलाय. जून ते ऑक्टोबर वादळांचा काळ; सप्टेंबर २०२४ मध्ये यागी वादळाने याच किनाऱ्यावर बऱ्याच बोटी बुडवल्या. जानेवारी ते मार्च ढगाळ, भुरभुर पाऊस, थंडी. नोव्हेंबरात हवा कोरडी आणि बऱ्यापैकी स्वच्छ असते, पण दिवस लहान: सूर्य सव्वापाचलाच मावळतो. बोट साडेबाराला सुटते, जेवणात दीड-दोन तास जातात, म्हणजे उजेडात हाताशी उरतात जेमतेम तीन तास. '२ दिवस' हा शब्द फारसा खरा नाही. दुसऱ्या दिवशी नऊ-साडेनऊला खोली रिकामी करून मागतात आणि अकराच्या सुमारास धक्क्यावर उतरवतात. एकूण २२-२३ तास धरा. दुसरी रात्र परवडत असेल तर आई-बाबांना तीच मानवेल, घाई निम्मी होते.

ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावरूनच काढा, पत्त्याच्या शेवटी gov.vn नव्हे तर भलतंच काही असेल तर ते दलालाचं दुकान. एका प्रवेशाचे २५ डॉलर, मुदत ९० दिवसांपर्यंत. मुलीचाही वेगळा लागतो. नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न अक्षर. एका अक्षराचा फरक असला तरी मुंबईतच चेक-इनला अडवतात. छापील प्रत आणि मूळ पासपोर्ट दोन्ही बोटीवर न्या. मुक्कामी प्रवाशांची यादी बंदरावर द्यावी लागते, त्यामुळे झेरॉक्स चालत नाही.

ओहोटीचा_माणूस

वरचं सगळं बरोबर. मी जागा आणि बोट याबद्दल लिहितो.

'हालाँग बे' या नावाखाली तीन वेगळे भाग विकले जातात. मधला हालाँग, त्याच्या दक्षिणेला कात बा बेटाला लागून लान हा, आणि ईशान्येला बाइ तू लाँग. चुनखडीचे सुळके तिन्हीकडे तेच. हालाँगला १९९४ मध्ये युनेस्कोच्या यादीत घेतलं आणि २०२३ मध्ये कात बा त्याला जोडलं. फरक आहे तो गर्दीचा आणि पायऱ्यांचा. तुमच्या एजंटने दिलेला सुंग सॉत-टिटॉप मार्ग बाबांसाठी सगळ्यात वाईट. टिटॉपच्या माथ्यावर जायला चारशेच्या वर पायऱ्या आहेत. सुंग सॉत ही प्रचंड गुहा आहे, पण आतबाहेर शेकडो पायऱ्या, काही ओल्या, आणि वाट एकमार्गी. मागून गटच्या गट येत असतात, मध्येच थकून मागे फिरता येत नाही.

लान हा घ्या. तिथल्या बऱ्याच बोटी व्हिएत हाइ गावात नेतात, सायकल नको असेल तर बॅटरीवर चालणारी गाडी असते. कयाकच्या जागी वल्ह्याची बांबूची होडी मिळते, ती गावचा माणूस चालवतो आणि पाहुण्यांनी फक्त बसायचं. ही होडी तिकिटात धरली आहे का ते विचारून घ्या. आणि धक्का नीट बघा: हालाँगच्या बऱ्याच बोटी तुआन चाऊहून सुटतात, तर लान हाच्या काही हाय फाँगकडच्या गॉट धक्क्यावरून. स्वतःची टॅक्सी करणारे इथेच फसतात, कारण दोन्हींमधलं अंतर पायी जाण्याचं नाही.

आता गुडघ्यांची खरी परीक्षा. मोठी बोट कुठेच काठाला लागत नाही. प्रत्येक ठिकाणी छोट्या होडीत उतरायचं, मग होडीतून तरंगत्या फलाटावर. आपल्याकडे गेटवेला एका लाँचवरून दुसरीवर पाय टाकावा लागतो तसंच. होडी वर आली की पाय उचलायचा, खाली जात असताना नाही. खलाशाचा तळहात धरायचा नाही, त्याला आपलं मनगट धरू द्यायचं, म्हणजे हात ओला असला तरी सुटत नाही. दोन्ही हात मोकळे हवेत, फोन खिशात, बूट मागे पट्टा असलेले. बाबांना एखादी फेरी नको वाटली तर बोटीवरच थांबू द्या. वरच्या डेकवर खुर्ची टाकून बसलं तरी तेच सुळके दिसतात, आणि ते फारच सुंदर दिसतात.

खोली: बोटीचा डेक-प्लॅन, म्हणजे मजल्यांवरच्या खोल्यांचा नकाशा, मागवा. जनरेटर मागच्या बाजूला असतो आणि एसीसाठी रात्रभर चालतो, त्यामुळे खालच्या मजल्यावरच्या मागच्या खोल्यांत धडधड जाणवते. अगदी पुढच्या खोल्यांना नांगराच्या साखळीचा खडखडाट, पहाटे नांगर उचलतात तेव्हा. दुसऱ्या मजल्यावरच्या मधल्या खोल्या उत्तम. लिफ्ट फक्त मोठ्या बोटींवर असते, म्हणून आई-बाबांची खोली जेवणाच्या दालनाच्याच मजल्यावर मिळते का ते पाहा. 'डावी बाजू' म्हणून जादा पैसे मात्र मुळीच देऊ नका. नांगरलेली बोट प्रवाहाबरोबर फिरते, झोपताना समोर दिसलेला सुळका सकाळी पाठीमागे गेलेला असतो.

भरतीचंही गणित वेगळं आहे. मुंबईत दिवसाला दोन भरत्या, तिथे टाँकिनच्या आखातात बहुतेक दिवशी एकच भरती आणि एकच ओहोटी, आणि फरक मोठ्या उधाणाला तीन-चार मीटरपर्यंत. म्हणून सखल तोंडाच्या गुहा त्या दिवशी दुपारी पाण्याखाली असतील तर संध्याकाळपर्यंत वाट बघूनही उपयोग नसतो. अशा वेळी कार्यक्रमातली एखादी गुहा गाळली तर ती फसवणूक समजू नका.

बोट लागणं: बेटं लाटा अडवतात, त्यामुळे नांगरावर पाणी जवळजवळ तळ्यासारखं. त्रास झाला तर तो हाय-वेवरच्या गाडीतच होतो. ॲव्होमिन जवळ ठेवा, पण बाबांची बीपी वगैरेची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच.

शेवटी सुरक्षितता, हे टाळून चालणार नाही. १९ जुलै २०२५ ला हालाँगमध्ये दिवसाच्या सहलीची बोट अचानक आलेल्या वादळी वाऱ्यात उलटली. बोटीवर ४९ जण होते, त्यातले ३५ हून अधिक दगावले, कित्येक आतल्या दालनात अडकून. फेब्रुवारी २०११ मध्ये तर टिटॉपजवळ नांगरलेली मुक्कामी बोट पहाटे बुडाली आणि झोपेतले १२ जण गेले. म्हणून पोलादी सांगाड्याची बोट घ्या. खोलीत पाय ठेवताच माणशी एक लाइफ जॅकेट आहे का ते मोजा, मुलीच्या मापाचं नसेल तर लगेच मागा. खोलीपासून उघड्या डेकपर्यंतची वाट सगळ्यांनी एकदा चालून बघा, कारण रात्री दिवे गेले तर तीच आठवायची असते. आभाळ काळवंडून वारा सुटला तर दार लावून आत बसू नका, जॅकेट घालून खलाशी सांगतील तिथे, बाहेर पडायच्या दारापाशी थांबा.

मेतकूटभात

आईंच्या जेवणाबद्दल. बोटीवरचा मेनू मासे, कोळंबी, कालवं यांचाच. नुसतं 'व्हेज' म्हटलं तर भाज्या येतात, पण त्यात नुओक माम, म्हणजे माशांचा खारवलेला रस घातलेला असतो, आणि सूप हाडांच्या पाण्यात. तिथला नेमका शब्द 'आन चाय'. बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तसं खातात, त्यामुळे स्वयंपाक्याला ते लगेच कळतं: मांस नाही, मासा नाही, माशाचा रसही नाही. अंड्याचं वेगळं सांगा, काही जण ते चालवून घेतात. बुकिंग करताना एकदा, आदल्या दिवशी मेसेजवर एकदा, आणि चढल्यावर गाईडला एकदा सांगा. चढल्यावर पहिल्यांदा सांगितलं तर उशीर झालेला असतो, सामान धक्क्यावरूनच भरून घेतलेलं असतं.

मिळेल काय तर टोफू, मशरूम, मोहरीची पालेभाजी, भात आणि फळं. चव सौम्य असते. थेपले, मेतकूट आणि लोणच्याची छोटी बाटली सोबत ठेवा. गरम भात भरपूर मिळतो, तुपाची पुडी असली की आईंचं जेवण झालं.

माहीमकर

सगळ्यांचे मनापासून आभार. एजंटला सांगून लान हा आणि मधल्या तारखा असं बदलून घेतो. कयाकमध्ये मुलीला नेणं ठीक आहे का? तिला पोहता येतं, पण तलावात.

ओहोटीचा_माणूस

न्या. दोघांची कयाक घ्या, मुलगी पुढे, तुम्ही मागे, कारण वळवायचं काम मागचा करतो. फलाटाच्या कडेवर आधी बसा, दोन्ही पाय कयाकच्या मधोमध ठेवा, एक हात फलाटावर टेकवून कंबर खाली सोडा. उभ्याने पाय टाकला की कयाक कलंडते, आणि बहुतेक लोक पडतात ते तिथेच, समुद्रात नाही. लाइफ जॅकेटचे सगळे बक्कल लावा आणि खांद्यावरून वर ओढून बघा. हनुवटीच्या वर सरकत असेल तर ते मोठं आहे, बदलून घ्या. गुहेच्या तोंडाशी उजवीकडून जायचं आणि वल्हं आडवं धरायचं, भिंतीला लागलेल्या कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात, हात लावू देऊ नका. बसायची जागा ओलीच असते, दुसरी पँट लागणार. नोव्हेंबरात संध्याकाळी डेकवर वारा बोचतो, तेव्हा तिचं गरम जॅकेट छोट्या पिशवीतच ठेवा. मोठ्या बॅगा हनोईच्या हॉटेलवर ठेवून या, आणि बाबांच्या गोळ्या खांद्यावरच्या पिशवीत. धक्क्यावर दिलेलं सामान खोलीत यायला तासभर सहज लागतो.