मदत हवी आहे: ट्रान्सफॉर्मर मोठा केला, जुने एमसीसीबी (पॅनेलमधले मोठे सर्किट ब्रेकर) चालतील का?

नमस्कार मंडळी. आमच्या वर्कशॉपमध्ये ३१५ केव्हीएच्या जागी ६३० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर बसतोय, ११ केव्ही/४३३ व्होल्ट, नेमप्लेटवर इम्पीडन्स (ट्रान्सफॉर्मरचा करंटला होणारा अंतर्गत विरोध) ४.५ टक्के. फुल लोड करंट साधारण ८४० अँपिअर, त्याला ०.०४५ ने भागलं तर शॉर्ट सर्किट करंट १८.७ केए (किलोअँपिअर) येतो. आधी ९.३ च्या आसपास होता.

मेन पॅनेलमधल्या आउटगोइंग एमसीसीबींच्या लेबलवर मात्र आयसीयू, म्हणजे ब्रेकर जास्तीत जास्त किती शॉर्ट सर्किट करंट तोडू शकतो तो आकडा, १६ केए छापलंय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, "लोड तेवढाच आहे, अँपिअर जुळतात, काळजी नको." मला हे पटत नाही. फॉल्टच्या (शॉर्ट सर्किटच्या) वेळी ब्रेकरला लोडचा नाही, फॉल्टचा करंट तोडायचा असतो. त्या पॅनेलसमोर आमची माणसं रोज उभी असतात हो!

ट्रान्सफॉर्मर ते पॅनेल केबल जेमतेम १२ मीटर, जाड, दोन रन. त्याने फारसा फरक पडणार नाही असं वाटतं. शिवाय मोटारीही फॉल्टला करंट पुरवतात.

सगळे एमसीसीबी २५ केएचे घ्यावेत, की त्यांच्या आधी, पुरवठ्याच्या बाजूला, एचआरसी फ्यूज (मोठा फॉल्ट करंट तोडू शकणारे फ्यूज) टाकून जुने वाचतील? त्यासाठी ब्रेकर कंपनीचा बॅकअप तक्ता (कोणत्या फ्यूजसोबत कोणता ब्रेकर किती केएपर्यंत चालतो ते सांगणारा) लागतोच ना? आणि ४० मीटरवरच्या सब-पॅनेलमध्ये १० केएच्या एमसीबी (छोटे सर्किट ब्रेकर) आहेत, केबल ३५ स्क्वेअर मिमी अ‍ॅल्युमिनियम. तिथला करंट हाताने कसा काढायचा, कुणी आकडे मांडून दाखवाल का?